कातळाच्या पोटातले पाणी

श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर उभी असलेली बाहुबलींची सत्तावन्न फुटांची मूर्ती त्या टेकडीच्याच ग्रॅनाइटमधून कोरलेली आहे. इसवी सन ९८१ च्या सुमारास गंगराज्याचा मंत्री चावुंडराय याने ती घडवून घेतली, आणि मूर्तीच्या पायाशी असलेल्या मराठी शिलालेखामुळे मराठी यात्रेकरूला ते स्थान अधिकच आपलेसे वाटते. मात्र दर्शन घेऊन उतरताना एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. एवढी उंच मूर्ती एकसंध कोरावयाची, तर शिल्पकाराला आधी असा पाषाण शोधावा लागतो, की ज्यातून एकही मोठी भेग आरपार गेलेली नाही. विहीर खोदणाऱ्याचा शोध याच्या नेमका उलट असतो. ज्या पाषाणात भेग नाही त्यात पाणी नाही. म्हणून शिल्पकाराला जो खडक सर्वांत उत्तम, तोच विहीर खोदणाऱ्याला सर्वांत निरुपयोगी.

त्या दोन टेकड्यांच्या मध्ये एक तळे आहे, आणि गावाचे नावही त्या तळ्यावरूनच पडले. कन्नडमध्ये ‘बेळ’ म्हणजे शुभ्र आणि ‘कोळ’ म्हणजे तळे. उघड्या ग्रॅनाइटच्या पाठीवर पडलेला पाऊस आत मुरत नाही, घसरून खाली येतो आणि सखल जागी साठतो. ज्यांनी तेथे घाट बांधले त्यांना भूशास्त्राची परिभाषा ठाऊक नव्हती, पण या खडकाचा स्वभाव त्यांनी पुरता ओळखला होता.

हा स्वभाव ओळखण्याची गरज आज पूर्वीपेक्षा अधिक आहे. दक्षिण कर्नाटकातून कोलार, अनंतपूर, हैदराबाद, नलगोंडा असा जो विस्तीर्ण पट्टा पसरला आहे, तो ग्रॅनाइट आणि त्याचाच भाऊबंद असलेल्या पट्टेदार नाइस या खडकाचा. हैदराबादच्या आसपासच्या ग्रॅनाइटचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे मानले जाते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बसाल्टचा असल्यामुळे हा खडक आपला नव्हे असे अनेकांना वाटते. परंतु नांदेड जिल्ह्यातील देगलूर, बिलोली, मुखेड हा भाग आणि पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, गडचिरोली येथील मोठा प्रदेश याच जुन्या स्फटिकी खडकांवर वसलेला आहे. समाजातील अनेक कुटुंबांचा व्यापार-उदीम या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कोणाची आडत आहे, कोणाचे कापडाचे दुकान, कोणाचे बी-बियाणे व खते. शेतकऱ्याच्या विहिरीचे पाणी आटले की चार महिन्यांनी त्या दुकानाच्या उधारीच्या वहीत ते दिसू लागते. तेव्हा शेजारच्या शिवारात पाणी कोठे व किती आहे, हा प्रश्न पेढीवर बसलेल्या माणसाचाही आहे.

सर्वसामान्य समज असा, की जमिनीखाली पाण्याचे झरे असतात, नद्यांसारखे वाहणारे. पाणाड्याला त्यांची खूण कळते, आणि पुरेसे खोल गेले की ते हाती लागतात. गंगेच्या मैदानात शेकडो मीटर वाळू आणि गाळ साचलेला आहे. तेथे खोल गेले तर पाणी मिळते हे खरे. वाळूच्या एकूण घनफळापैकी पाव ते एक तृतीयांश भाग कणांमधील पोकळीचा असतो. ताज्या, न झिजलेल्या ग्रॅनाइटमध्ये मात्र ही पोकळी एक टक्क्याहूनही कमी भरते. त्याचे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात, त्यांच्यामध्ये पाण्याला शिरायला वावच नसतो. मग ग्रॅनाइटच्या मुलखात विहिरींना पाणी लागते ते कोठून?

ते लागते खडकाच्या झिजलेल्या कवचातून. ऊन, पाऊस, झाडांची मुळे आणि जमिनीत मुरणारे किंचित आम्लधर्मी पाणी यांच्या लक्षावधी वर्षांच्या कामामुळे ग्रॅनाइटचा वरचा भाग कुजल्यासारखा भुसभुशीत होतो. यालाच खेड्यापाड्यांत मुरूम म्हणतात. त्यातील फेल्डस्पारची माती होते, गारगोटीचे कण तसेच राहतात, आणि दोहोंच्या मध्ये थोडे पाणी धरून ठेवण्याइतकी जागा निर्माण होते. त्याच्या खाली दुसरा थर येतो. येथे खडक कठीणच असतो, पण तो आडव्या-तिरप्या भेगांनी पत्र्यासारखा सुटलेला असतो. त्याखाली अखंड कातळ. साठवण बहुतांशी वरच्या मुरुमात होते आणि ते पाणी विहिरीपर्यंत वाहून आणण्याचे काम मधला भेगाळ थर करतो. मुरूम हे कोठार मानले, तर भेगा या त्याच्या वाटा. दोन्ही थर एकमेकांवर पाणी धरून असतील तोवर विहीर चालते.

या भेगा कशा पडल्या, याविषयी शास्त्रज्ञांत बराच काळ दुमत आहे. भूगर्भातील हालचालींनी, डोंगर उचलले जाताना, वरचे ओझे झिजून कमी होताना खडक तडकला, असे जुने उत्तर. पॅट्रिक लाशासॅन्य, रोबेर विन्स आदी फ्रेंच भूशास्त्रज्ञांनी गेल्या पंचवीस वर्षांत वेगळी बाजू मांडली. ग्रॅनाइटमध्ये बायोटाइट नावाचे काळे अभ्रक असते. मुरणाऱ्या पाण्याच्या संपर्काने ते फुगते, खडकाच्या आतून ताण निर्माण होतो आणि पृष्ठभागाला साधारण समांतर अशा भेगा सुटतात. याचा अर्थ असा, की बहुतेक उपयोगी भेगा या वरून खाली उतरलेल्या झिजेचेच अपत्य आहेत. झीज जेथे थांबली तेथे भेगाही विरळ होतात. हा वाद केवळ विद्वानांचा नव्हे. भेगा भूगर्भातील हालचालींनी पडल्या असे मानले तर हजार फुटांवरही पाण्याची आशा धरता येते. त्या झिजेमुळे पडल्या असतील तर खोल जाण्यात पैसा वाया जातो.

हैदराबादच्या दक्षिणेस तीसेक किलोमीटरवर महेश्वरम नावाचे एक लहान पाणलोट क्षेत्र आहे, सुमारे ५३ चौरस किलोमीटरचे. १९६१ मध्ये हैदराबादला स्थापन झालेली राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आणि फ्रान्सची भूवैज्ञानिक संस्था यांच्या संयुक्त केंद्राने १९९९ पासून या क्षेत्राचा जेवढ्या बारकाईने अभ्यास केला, तेवढा भारतातील कठीण खडकाच्या फार थोड्या क्षेत्रांचा झाला असेल. विहिरी मोजल्या, खडकाचे थर तपासले, भेगांतून पाणी कोठून किती वेगाने येते हे विंधन विहिरीत उपकरण सोडून पाहिले. सातशेहून अधिक विंधन विहिरी त्या छोट्याशा क्षेत्रात उपसा करीत होत्या. मुरुमाचा थर साधारण दहा ते पंधरा मीटर, भेगाळ थर आणखी पंधरा ते वीस मीटर. आणि पस्तीस-चाळीस मीटरच्या खाली पाणी वाहून आणणाऱ्या भेगा जवळपास संपलेल्या. फुटांत सांगायचे तर सव्वाशे-दीडशे फुटांत सारा व्यवहार आटोपतो.

आता याच मुलखात हजार-बाराशे फूट खोल विंधन विहिरी घेतल्या जातात, ही वस्तुस्थिती या मोजमापाशेजारी ठेवून पाहावी. तमिळनाडूतील तिरुचेंगोडे हे गाव खोदयंत्रांच्या धंद्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. तेथील ट्रकवर चढवलेली यंत्रे कोलारपासून विदर्भापर्यंत फिरत असतात. यंत्रवाल्याचा दर फुटावर असतो, पाण्यावर नाही. शेतकरी दोनशे फुटांवर कोरडा राहिला की ‘आणखी पन्नास फूट’ म्हणतो, कारण आतापर्यंत घातलेला पैसा त्याला मागे फिरू देत नाही. व्यापारात बुडीत खात्यात पुन्हा रक्कम घालणे शहाणपणाचे नव्हे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही मनःस्थिती समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच, की शेतकऱ्याला ते सांगणारे त्या क्षणी शेजारी कोणी नसते आणि यंत्र मात्र सुरू असते.

खोल गेल्यावर कधीच पाणी लागत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. जुन्या भूगर्भीय फटींच्या रेषेवर, गारगोटीच्या शिरेच्या कडेला किंवा ग्रॅनाइटमध्ये घुसलेल्या काळ्या पाषाणाच्या भिंतीजवळ तीनशे-चारशे फुटांवरही पाणी सापडल्याची उदाहरणे आहेत. पहिल्या दिवशी ‘तीन इंची पाणी’ उसळते, गावभर पेढे वाटले जातात. पण ती फट म्हणजे एक वाट असते. तिच्यामागे कोठार असेलच असे नाही. तिच्यात जेवढे जुने पाणी साठले होते तेवढे काही आठवड्यांत उपसले जाते आणि मग मोटर हवा ओढू लागते. पाणी उसळले याचा अर्थ साठा मोठा आहे असा होत नाही. पाणाड्याच्या नारळाला हा फरक कळत नाही, आणि खरे सांगायचे तर पाणी लागल्याच्या आनंदात तो कोणालाच कळून घ्यायचा नसतो.

शेजाऱ्याच्या शेतात पाणी आणि आपल्या शेतात खडखडाट, हे ग्रॅनाइटच्या मुलखातले नेहमीचे दुःख. त्यावरून भाऊबंदकी होते, करणी-धरणीचे संशयही घेतले जातात. नलगोंडा भागातील चौटुप्पल येथील प्रायोगिक क्षेत्रातील अभ्यासातून याचे एक समर्पक उत्तर मिळाले. पाण्याची पातळी वर, मुरुमाच्या जवळ असते तेव्हा दूरदूरच्या विहिरी एकाच जाळ्याने जोडलेल्या असतात आणि साऱ्यांचे पाणी एकत्र चढते, एकत्र उतरते. उपशाने पातळी भेगाळ थराच्या खालच्या भागात गेली, की हे जाळे तुटते. प्रत्येक विहीर आपल्या भोवतीच्या चार-दोन भेगांपुरती उरते; एकीत पाणी, पन्नास फुटांवर दुसरीत काही नाही. अर्थात पाणी जोवर भरपूर आहे तोवर ते साऱ्या गावाचे असते. ते आटू लागले की खडकच त्याची वाटणी करतो, आणि ती वाटणी न्याय्य नसते.

यापुढचा विषय आकड्यांचा, आणि तो टाळून चालणार नाही. शासनाच्या भूजल मूल्यांकन समितीने ठरवलेल्या निकषांनुसार मातीचे प्रमाण अधिक असलेल्या झिजलेल्या ग्रॅनाइटमध्ये पावसाच्या सुमारे ८ टक्के पाणी मुरते असे धरतात. माती कमी असल्यास ११ टक्के. उघड्या, भेगा नसलेल्या कातळात ते १ टक्क्यावर येते. एखाद्या गावी वर्षाला ७५० मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर ८ टक्क्यांच्या हिशेबाने ६० मिलिमीटर पाणी जमिनीत जमा होते. एका हेक्टरवर हे पाणी ६०० घनमीटर, म्हणजे सहा लाख लिटर भरते. ऐकायला ही रक्कम मोठी आहे. पण उन्हाळी भाताला हेक्टरी साधारण १,२०० मिलिमीटर पाणी द्यावे लागते, म्हणजे एक कोटी वीस लाख लिटर. एका हेक्टरचा भात वीस हेक्टरांचे वर्षभराचे मुरलेले पाणी मागतो. खाचरातील बराचसा भाग पुन्हा जमिनीत झिरपतो हे मान्य करून निम्मे जरी परत मिळाले असे धरले, तरी दहा हेक्टर उरतातच. ज्या गावात विजेचे बिल जवळजवळ शून्य आणि भाताला हमीभाव, तेथे शेतकऱ्याने भात लावला तर त्याला दोष देणे सोपे आहे; त्याच्या जागी कोणत्याही व्यापाऱ्याने तेच केले असते.

याच निकषांचा दुसरा आकडा अधिक बोलका आहे. अशा मातकट मुरुमातून पंपाने काढता येण्याजोगे पाणी त्याच्या घनफळाच्या केवळ दीड टक्के धरले जाते. साठ मिलिमीटर पाणी या दीड टक्के जागेत बसवायचे, तर पातळी चार मीटर चढते. म्हणूनच एका चांगल्या पावसाळ्यात विहीर तेरा फुटांनी वर येते, लोक सुखावतात, ‘पाणी परत आले’ म्हणतात. पातळी जितक्या झपाट्याने चढते तितक्याच झपाट्याने ती उतरते, कारण भांडेच उथळ आणि अरुंद आहे. गंगेच्या मैदानातील साठा अनेक वर्षांचा दुष्काळ पचवू शकतो. ग्रॅनाइटचा मुलूख पावसाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत जगतो. येथे मागील पिढीची शिल्लक बहुधा नसतेच. लागोपाठ दोन वर्षे पाऊस कमी झाला, की नांदेडच्या सीमाभागातील टँकर सुरू होतात, ते यामुळेच.

पूर्वी हे भांडे आपोआप सांभाळले जाई. मोटेने पाणी काढणारा शेतकरी दहा-पंधरा मीटरच्या विहिरीतून, बैलांच्या दमाइतकेच पाणी काढू शकत असे. विहीर तळाला गेली की उपसा थांबे. सत्तरच्या दशकात दुष्काळी भागांत पिण्याच्या पाण्यासाठी हवेच्या दाबाने चालणाऱ्या हातोड्याची खोदयंत्रे आली आणि त्यांच्याबरोबर हातपंप आले. आज जगभर पोहोचलेल्या ‘इंडिया मार्क टू’ या हातपंपाचा मूळ नमुना सोलापूरचा होता, ही बाब महाराष्ट्रातही फारशी कोणाला ठाऊक नसते. हातपंपाने कातळातील पाणी पिण्यापुरते काढले आणि असंख्य बायकांची पायपीट वाचवली. त्याच भोकात पाण्यात बुडून चालणारी विजेची मोटर उतरली, तेव्हा चित्र पालटले. मोटरला दम लागत नाही.

खोलवरच्या पाण्याची आणखी एक बाजू थेट घराशी निगडित आहे. ग्रॅनाइटमधील काही खनिजांत फ्लोराइड असते. पाणी खडकाच्या सान्निध्यात जितका अधिक काळ राहते तितके ते त्यात विरघळते. म्हणून खोल, जुने पाणी बहुधा अधिक फ्लोराइडचे. भातशेतीतून झिरपून पुन्हा उपसले जाणारे, उन्हाने आटणारे पाणीही दर फेऱ्यात अधिक जड होत जाते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड योग्य, आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे. त्यापलीकडे लहान मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, आणि बरीच वर्षे तेच पाणी पोटात गेले तर हाडे व सांधे आखडतात. भारतात या विकाराची वैद्यकीय नोंद प्रथम १९३७ मध्ये नेल्लोर जिल्ह्यातून झाली. नलगोंडा जिल्ह्याने त्याचे सर्वांत विदारक रूप पाहिले. कमरेतून वाकलेली, काठीवाचून उभी न राहणारी तरुण माणसे तेथील खेड्यांत होती. पुढे नळाने कृष्णेचे पाणी पोहोचवावे लागले. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड कमी करण्याची जी पद्धत ‘नलगोंडा पद्धत’ म्हणून ओळखली जाते, ती नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केली. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतील काही गावांना हा प्रश्न आहे.

समाजातील घराघरांत पाणी गाळून व उकळून घेण्याची शिस्त आहे आणि तिचे मोल कोणी नाकारणार नाही. पण येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे भाग आहे. फ्लोराइड पाण्यात विरघळलेले असते; गाळण्याने ते कापडावर अडकत नाही, आणि उकळण्याने जात नाही. उलट उकळताना वाफ निघून जाते, फ्लोराइड मागे राहते, आणि उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण किंचित वाढते. स्वच्छ, नितळ, चवीला गोड वाटणारे पाणीही या दृष्टीने दोषी असू शकते. ज्या घरात किंवा ज्या अतिथिगृहात विंधन विहिरीचे पाणी पिण्यासाठी वापरले जाते, तेथे निदान एकदा ते प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते, आणि नमुना देण्याचा खर्च एका थाळीच्या जेवणाहून फारसा अधिक नसतो.

मग पाणी जमिनीत घालायचे कसे? तेलंगणाचे काकतीय राजे आणि कर्नाटकातील पाळेगार यांनी ग्रॅनाइटच्या प्रत्येक सखल भागाला बांध घालून तलावांच्या साखळ्या उभ्या केल्या. एक भरला की सांडवा दुसऱ्यात. गोंदिया-भंडाऱ्यातील मालगुजारी तलाव, जे कोहळी समाजाच्या हातांनी उभे राहिले, ते याच विचाराचे. हे तलाव भाताला पाणी देत आणि बांधाखालच्या विहिरी जिवंत ठेवत. पण तलावाच्या तळाशी बारीक चिकणमाती बसते आणि तळ मेणासारखा बंद होतो. त्यामुळे गाळ काढणे हे तलाव बांधण्याइतकेच महत्त्वाचे काम असते. गावकी मोडली, गाळ काढणे थांबले, आणि तलाव पाणी असूनही मुरवेनासे झाले. तेलंगणाने २०१५ मध्ये सुमारे ४६ हजार तलावांचा गाळ काढण्याची मोहीम हाती घेतली, ती या जाणिवेतून.

कोलारची कथा आणखी वेगळी. बारमाही नदी नसलेल्या या जिल्ह्यात तलाव हजारोंनी आहेत आणि विंधन विहिरी हजार फुटांच्या पलीकडे गेलेल्या. २०१८ पासून बेंगळुरूचे शुद्ध केलेले सांडपाणी कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातून नळाने कोलारच्या तलावांत सोडले जाते. योजनेची क्षमता दिवसाला ४४ कोटी लिटर. शंभराहून अधिक तलाव टप्प्याटप्प्याने भरावेत अशी ती आखणी. तलावांभोवतीच्या विहिरींची पातळी चढली, हे शेतकरी सांगतात. त्याचबरोबर पाण्याचे शुद्धीकरण दुसऱ्या टप्प्यापर्यंतच होते, तिसरा टप्पा का नाही, हा आक्षेप न्यायालयापर्यंत गेला. हा आक्षेप पोकळ म्हणता येत नाही. ग्रॅनाइटच्या भेगा वाळूसारखे गाळण्याचे काम करीत नाहीत. जे आत गेले ते भेगेतून फार दूर, फार लवकर जाऊ शकते.

हीच सावधगिरी घरच्या पुनर्भरणालाही लागू आहे. गोदामाचे दहा हजार चौरस फुटांचे छप्पर, ७५० मिलिमीटर पाऊस आणि त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी वर्षाला साडेपाच लाख लिटर पाणी हाती येते. हे जवळजवळ एका हेक्टर जमिनीत नैसर्गिकपणे मुरणाऱ्या पाण्याइतके आहे. बाजारपेठेतील गोदामे, जिनिंगचे कारखाने, मंगल कार्यालये यांची छपरे एकत्र केली तर लहान गावाचे चित्र पालटू शकेल. कोरडी पडलेली विंधन विहीर यासाठी वापरता येते. मात्र तिच्याभोवती खडी, वाळू आणि कोळशाचा शोषखड्डा करूनच पाणी आत सोडावे. पहिल्या पावसाचे, पक्ष्यांच्या विष्ठेने आणि धुळीने भरलेले पाणी बाहेर काढून टाकावे. रस्त्याचे, गटाराचे किंवा खतांच्या गोदामाच्या अंगणातले पाणी कोणत्याही परिस्थितीत त्या भोकात जाऊ देऊ नये. शेजारच्या चार घरांच्या पिण्याच्या पाण्यात ते दुसऱ्या दिवशी पोहोचू शकते.

आणखी एक विषय अवघड आहे, पण टाळण्यासारखा नाही. वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ गावाला विंधन विहीर देण्याची चांगली प्रथा अनेक कुटुंबांत आहे. फलक लागतो, पहिल्या दिवशी पाणी येते, छायाचित्र निघते. ज्या गावात आधीच प्रत्येक चौथ्या शेतात विंधन विहीर आहे, तेथे नवीन भोक पाडल्याने गावाच्या पाण्यात थेंबाचीही भर पडत नाही. तेच पाणी आता आणखी एका नळीने निघते आणि कोणाची तरी जुनी विहीर थोडी लवकर आटते. तेवढ्याच रकमेत जुन्या पाझर तलावाचा गाळ निघू शकतो, सांडव्याची डागडुजी होऊ शकते, शाळेच्या छपराचे पाणी जमिनीत उतरू शकते. त्यावर फलक लावायला तितकीशी शोभिवंत जागा नसते, एवढीच अडचण. महाराष्ट्रातील २००९ च्या भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने घातली आहेत, तेव्हा देणगीदाराने निदान कायद्याच्या बाजूनेही विचार करावा. जेथे पिण्याला खरोखरच दुसरा आधार नाही तेथे विंधन विहीर अवश्य द्यावी. पण जागा भूजल यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाकडून ठरवून घ्यावी आणि देण्याआधी पाणी तपासावे.

आंध्र प्रदेशात २००३ पासून काही वर्षे एक उपक्रम चालला. अनंतपूर, चित्तूर, कडप्पा, कर्नूल, प्रकाशम, महबूबनगर व नलगोंडा या सात अवर्षणप्रवण जिल्ह्यांतील सहाशेहून अधिक वस्त्यांमध्ये शेतकऱ्यांनाच पर्जन्यमापक आणि विहिरीची पातळी मोजण्याची फीत देण्यात आली. कोणालाही उपसा बंद करायला सांगितले नाही, दंड नव्हता, अनुदानही नव्हते. पावसाळा सरल्यावर गावकरी एकत्र बसत, पाऊस किती पडला, त्यातले किती मुरले, आधीची पातळी किती होती याचा जमाखर्च मांडत, आणि रब्बीत साऱ्यांनी काय लावायचे म्हटले तर किती पाणी लागेल हे शेजारच्या रकान्यात लिहीत. दोन रकान्यांतली तफावत पाहून कोणी भाताऐवजी भुईमूग घेतला, कोणी कडधान्य, कोणी भाजीपाल्याला ठिबक केले. काही जण बदलले नाहीत. गावाच्या चौकातील भिंतीवर काळा फलक रंगवलेला असे. त्यावर विहिरींची नावे आणि त्यांच्यासमोर दर पंधरवड्याची पाण्याची पातळी मीटरमध्ये, खडूने लिहिलेली, येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांना वाचता येईल अशी.